ग्रिफिथच्या प्रयोगातले गाळलेले आकडे

फ्रेडरिक ग्रिफिथचा १९२८ सालचा उंदरांचा प्रयोग आपण बारावीला शिकवतो. कवच नसलेले जिवंत जिवाणू आणि उष्णतेने मारलेले कवचधारी जिवाणू एकत्र टोचले. उंदीर मेला आणि त्याच्या रक्तात जिवंत कवचधारी जिवाणू सापडले. तिथून पाठ उडी घेतो ती थेट १९४४ च्या एव्हरीकडे. पण कवच गमावलेल्या जिवाणूंनी आपलेच जुने कवच पुन्हा धारण केले नसेल कशावरून, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर?

उत्तर सहसा गाळल्या जाणाऱ्या दोन आकड्यांत आहे. जिवंत जिवाणू मुळात प्रकार २ चे होते, मारलेले प्रकार ३ चे, आणि उंदरात मिळाले तेही प्रकार ३ चे. न्यूमोकोकसने दुसऱ्याचा अंगरखा चढवला होता! हे आकडे गाळून पाठ सोपा होतो, पण प्रयोगाचा पुरावाच जातो, असे आम्हाला वाटते. शिवाय हा जिवाणू आजही मुलांना न्यूमोनिया करतो, हेही विसरले जाते.

न्यूमोकोकसची लस शरीराला ओळखायला शिकवते ते कवचच. कवचाचे १०० हून अधिक प्रकार आहेत. लशीत त्यांतले मोजकेच बसतात. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांची लस आली. १९ए हा प्रकार तीत नव्हता आणि पुढे तोच वाढला. कवचाच्या नेहमीच्या चाचणीत सारे १९ए सारखेच दिसतात. जनुके वाचल्यावर २००७ मध्ये कळले, की त्यांतले काही वंशाने प्रकार ४ चे होते, म्हणजे लशीतल्याच प्रकाराचे. पेनिसिलिनला दाद न देण्याशी संबंधित जनुके कवचाच्या जनुकांना लागूनच असतात. अंगरख्याबरोबर तीही येऊ शकतात. बाकीचे बरेचसे १९ए मात्र आधीपासून होते.

हा भेद करायचा तर लशीआधीची नोंद हवी. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि बिहार व उत्तर प्रदेशाच्या काही भागांत सुरू झाली, २०२१ मध्ये देशभर पोचली. त्याआधी गोठवून ठेवलेल्या जिवाणूंचा सुमारे २१ लाख अक्षरांचा जीनोम वाचणे म्हणूनच मोलाचे. तो काळ संपला. ते नमुने पुन्हा गोळा करता येणार नाहीत.

मात्र अशा नोंदीला सरसकट ‘देशाचे चित्र’ म्हणणे आम्हाला पटत नाही. जिवाणू मिळतात ते रक्ताचे किंवा मेंदूपाण्याचे संवर्धन करणाऱ्या रुग्णालयांत. खेड्यातल्या मुलाला आधी प्रतिजैविक मिळते, मग संवर्धनात बहुधा काहीच वाढत नाही. जे मूल रुग्णालयात पोचतच नाही, त्याच्या जिवाणूची तर नोंदच नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या अखेरीस बाजारात आणलेल्या लशीत दहा प्रकार आहेत. १९ए त्यात आहे. ग्रिफिथचा प्रकार ३ नाही. तो तेरा प्रकारांच्या लशीत सापडतो.