चांगदेवाचें कोरें पत्र : थट्टा कीं वाद ?

मोशीहून चाकणकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या पूर्वेस, इंद्रायणीकाठीं आळंदीस एक भिंत दाखवितात. चांगदेव वाघावर बसून आला तेव्हां ज्ञानदेवादि भावंडें तीवर बसून सामोरीं गेलीं, अशी कथा आहे. ही कथा इतकी ठसली आहे कीं, तिच्या आधींचा पत्रव्यवहार मागें पडला. संशोधकास खरें अगत्य त्या पत्राचें.

परंपरा सांगते कीं, चांगदेव मायन्यापाशींच अडला. वयानें लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावें, तर ज्ञानानें वडील. ‘तीर्थरूप’ लिहावें, तर वय आड येतें. अखेर कागद कोराच धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशें वर्षें जगून हा योगी कोराच राहिला ! एका शब्दांत कागद आणि माणूस दोन्ही तोलले गेले. न्यायशास्त्र ह्यास वाक्छलाच्या जवळचें मानील. आणि गौतमाच्या सूत्रांत छलाचें स्थान जल्पांत आहे, वादांत नव्हे. येथें मात्र छलानेंच वादाचें दार उघडलें. निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनीं धाडलेलें पासष्ट ओव्यांचें उत्तर तेंच ‘चांगदेव पासष्टी’.

पोथ्या जमविणारे कथेस दंतकथा म्हणून बाजूस सारतात व ओव्या तेवढ्या वेदान्त म्हणून राखतात. कीर्तनकार कथा रंगवून ओव्या उरकतात. आमच्या मतें दोहींकडून हानिच होते. कथा ऐतिहासिक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. चौदाशें वर्षांचें वय कोण मान्य करील? परंतु मायन्याचा पेंच ध्यानांत ठेवून ओव्या वाचाव्या, म्हणजे त्यांतील युक्ति उघड होते. आरंभीं पत्राच्या रीतीप्रमाणें स्वस्तिवचन आहे, पण तें चांगदेवास नव्हे, वटेशास. मायन्याची जागा अशी भरली कीं लहान-वडीलपणाचा प्रश्नच उठूं नये. पुढें चांगदेवास वटेश्वराचा पुत्र म्हटलें आहे, तेंही कापुराचा रवा जसा कापूरच, त्या अर्थानें.

सोनें व अलंकार, तंतु व वस्त्र, हे मधले दृष्टान्त थोडे दाटले आहेत खरे. परंतु पाण्याचा थांग घ्यावयास गेलेलें मीठ पहा. मुक्ताबाईचा टोमणा पुढें चालवावयाचा असता तर हें मीठ म्हणजे चांगदेव ठरता. ज्ञानदेवांनीं तें स्वतःस लाविलें : तुला पाहावयास गेलों, तों मीच उरलों नाहीं. उपहासाचें टोंक असें आपल्याकडे वळविल्यावर प्रतिपक्षी रागवावा कशावर ?

यमकाचें कामही येथें शोभेपुरतें नाहीं. ओवीचे पहिले तीन चरण एका यमकानें श्रोत्यास पुढें नेतात. चौथा आंखूड चरण यमक सोडतो. ह्या मिठाच्या ओवींत ‘माप’ हा शब्द त्या आंखूड चरणांत पडतो. माप घेणारेंच विरघळल्यावर यमकही तुटतें. पुढें दोन डोळस आरसे परस्परांस पाहतात, तेथेंही भेद गमावल्याची गोष्ट चौथ्याच चरणांत आहे. आतां ह्या आरशांत वडील कोणता ?

त्या आरशांच्या आधींच ज्ञानदेव म्हणतात कीं, तुझ्या मिषानें निवृत्तिनाथांनीं मला स्वानुभवाचा खाऊ दिला. पत्र ज्याला, तो नुसता निमित्त, खाऊ लिहिणाराला!