पाखंड्यांच्या यादीतही आमची वस्ती गावाबाहेरच

अर्थशास्त्रातल्या प्रस्थापितांना नकार देणाऱ्यांची एक यादी असते. कॉलेजात ती आमच्याकडून पाठ करून घेतली. मार्क्स, व्हेब्लेन, आपल्याकडचे म्हणून गांधी आणि कुमारप्पा. बाजार आपोआप सगळ्यांचं भलं करतो, हे मानायला नकार देणारी ही माणसं. ठीक आहे. पण या यादीत जोतीराव फुले नव्हते. आंबेडकर नव्हते. ज्यांनी वेद मानले त्यांनी बुद्धाला पाखंडी ठरवून बाहेर काढलं, ते समजतं. पण जे स्वतःच पाखंडी म्हणून मिरवतात, त्यांच्या यादीतही आमची वस्ती गावाबाहेरच? याला काय म्हणायचं?

आणि मित्रांनो, दोष फक्त त्यांचा नाही. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो, घटनेचं नाव घेतो, पण त्यांचं अर्थशास्त्र वाचत नाही. हे मी माझ्यावरूनच सांगतो. गडचिरोलीकडच्या एका गावी वनहक्काच्या कामाला गेलो होतो. विहारात बैठक होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सर, बाबासाहेबायनं जंगलावर काही लिवलं हाये का जी?" मी घटना, राखीव जागा असं सांगत सुटलो. म्हातारा म्हणाला, "थे माईत हाये जी. जंगलाचं सांगा." मी गप्प.

तेव्हापासून वाचतो आहे. जे हाती लागलं ते मांडतो.

पहिला निबंध १९१८ चा, 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया'. तेव्हाचे जाणकार म्हणत होते, शेताचे तुकडे पडले म्हणून शेतकरी गरीब, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारलं, शेत लहान की मोठं हे नुसत्या मापावरून कसं ठरवता? अवजारं, भांडवल आणि राबणारे हात यांचा मेळ बसतो का ते बघा. खरा रोग त्यांनी वेगळाच सांगितला. जमिनीवर माणसांचा भार फार आहे, आणि त्यातले कितीतरी हात रिकामे आहेत. तुकडे जोडून हे हात कुठं जाणार? उद्योग वाढवा, हात तिकडं न्या. आर्थर लुईस यांनी शेतीतल्या जादा हातांवर सिद्धांत मांडला तो १९५४ साली. त्यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. आमचा माणूस मात्र यादीतही नाही.

आता हे निदान आमच्या मातीवर तपासा. धानाची रोवणी आणि कापणी सोडली तर हाताला काम नाही. कापणी झाली की पोरंबाळं घेऊन तेलंगणात मिरची तोडायला. उन्हाळ्यात मोहफूल, तेंदूपत्ता. शंभर वर्षं उलटली तरी निदान खरंच आहे.

पण औषध? उद्योग तर आले. बल्लारपूरला कागद आला, चंद्रपूरला कोळसा आणि वीज आली. जंगलातला बांबू गेला, खाणींत जमिनी गेल्या. रिकामे हात त्या मानानं किती आत गेले? जे गेले त्यांच्या मागोमाग जातही गेली. इथं १९१८ चा निबंध अपुरा पडतो. हे म्हणायला मी भीत नाही, कारण बाबासाहेबांनीच ते पुढं भरून काढलं. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये त्यांनी दाखवलं की जात म्हणजे कामाची वाटणी नव्हे, कामकऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही वरखाली. म्हणजे हात मोकळे नाहीतच. एका धंद्यातून दुसऱ्यात जायला त्यांना मज्जाव आहे. बाजारवाल्यांना हे दिसलं नाही. वर्ग वर्ग म्हणणाऱ्या आमच्या कॉम्रेडांनाही धड दिसलं नाही.

मग १९४७ चं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. मोठे उद्योग सरकारचे. शेतीही सरकारची. ठरलेल्या मापाची शेतं जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक कसायला द्यायची, म्हणजे जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर असं कुणी उरणार नाही. वाचताना अंग शहारलं. पण लगेच म्हातारा आठवला. जंगल तर इंग्रजांच्या काळापासून सरकारचंच आहे! मालगुजार गेला, त्याचा तलाव तेवढा 'माजी मालगुजारी' नावानं उरला. पण खाकी कपड्यातला मालगुजार राहिलाच. सरकारची मालकी म्हणजे लोकांची मालकी, असं आपोआप होत नाही. हे आम्हाला जंगलानं शिकवलं. आणि बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं त्या जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्येच लिहून ठेवलं आहे. डोंगर, कुरणं जंगल खात्यानं घशात घातली, शेतकऱ्याच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार आहे. म्हाताऱ्याचं उत्तर तिथं होतं. मला माहीत नव्हतं.

गांधीवादी म्हणतील, मालकी गावाला द्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ते करून दाखवलं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक सरकारकडून हातात घेतलं. ही मोठी लढाई आहे, तिला माझा जय भीम. पण मेंढा हे गोंडांचं गाव. जिथं चार जाती आहेत, तिथं ग्रामसभेत सतरंजीच्या कुठल्या कडेला कोण बसतो? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत बाबासाहेब गावाबद्दल कडक बोलले ते अशाच गावांसाठी.

कायद्याचंही बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीनं १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. बाकीच्यांनी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. आदिवासीला मिळालं ते त्याच्या हक्काचं आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण आमच्या आजाचं नाव कागदावर येणार कुठून? मालगुजाराच्या वहीत कुळाचं नाव, राबणाऱ्याचं नाही. जाणत्या म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, असं नियमच सांगतात. तरी एका कार्यालयात मला ऐकवलं, "कागद आणा." तो म्हातारा माझ्या शेजारीच उभा होता. ७५ वर्षांचा पुरावा स्वतःच्या पायावर उभा!

तेव्हा सांगायचं ते एवढंच. उद्योग, सरकार, गाव, तिन्ही औषधं या दोन जिल्ह्यांत येऊन गेली. प्रत्येक वेळी जातीचा प्रश्न बाहेर ठेवला आणि प्रत्येक वेळी आमचा माणूस बाहेर राहिला. तो प्रश्न आत आणणारं अर्थशास्त्र बाबासाहेबांचं आहे. जंगलापुरतं ते अपुरं आहे. ते पुरं करणं आपलं काम. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला येऊन दीक्षा दिली. ती काय फक्त हात जोडायला दिली होती?

गावागावांत बसा. कुणाची जमीन, कुणाचा ताबा, कुणाचा आजा कुठं राबला, म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्या. जबाबावर अंगठे घ्या. म्हातारे थांबणार नाहीत.

जय भीम.