तरवडाचे कान

पिवळं फूल ही ओळख नव्हे. निपाणी सोडून तवंदी घाट चढून संकेश्वरकडे जाताना दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेला जे पिवळं दिसतं, ते एका झाडाचं नसतं. सावलीसाठी लावलेला कासोद त्यात आला, पडीक जागेतला कासविंदा आला, कुणाच्या बंगल्याच्या कुंपणावरचं शोभेचं झुडूप आलं आणि मुरमाड माळावर कुणीही न लावता वाढलेला तरवडही आला. मोबाईलमधल्या ॲपला फुलाचा फोटो दाखवला की ते यांतलं कुठलंही नाव सांगून मोकळं होतं. पाच पाकळ्या आणि हळदीचा रंग एवढ्यावर याहून वेगळं काय होणार?

तरवड कोरड्या अंगाचा. बेळगावच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडचं रान पावसात बुडालेलं असतं, ते कारवीचं. पूर्वेकडे गोकाक, अथणीच्या बाजूला पाऊस झपाट्याने घटत जातो आणि माळ तरवडाच्या ताब्यात जातो. शेळ्याही याला फारशा विचारत नाहीत. म्हणून इतर सगळं खुरटलं तरी हा पुरुषभर उंचीचा भरदार उभा दिसतो.

याला ओळखायचं तर फुलाकडे क्षणभर पाठ करावी आणि पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे पाहावं. देठाच्या बुडाशी दोन्ही अंगांना एकेक हिरवी चकती दिसते, गोलसर, पसरट, कडेला एक बारीक टोक असलेली. ही उपपर्णं. याच्या भाऊबंदांत ती बहुधा दोऱ्याएवढी असतात आणि पान पुरतं उलगडायच्या आधीच गळून जातात. तरवडाची टिकतात, आणि नखाएवढी किंवा त्याहूनही मोठी होतात. १७५३ साली लिनीअसने ‘स्पीशीज प्लँटॅरम’मध्ये या झुडपाला ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ म्हटलं. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेली, आणि ते कान हेच. एवढं झळझळीत फूल समोर असताना नाव ठेवलं गेलं ते देठाशी दडलेल्या या हिरव्या चकत्यांवरून. माझ्या मते वनस्पतिशास्त्रातल्या उत्तम नामकरणांपैकी हे एक. रंगावरून ठेवलेलं नाव या कुळात दहा जणांना बसलं असतं. कानांवरून ठेवलेलं नाव फुलं झडल्यावर, ऐन वैशाखातही तपासून पाहता येतं.

कानांवर समाधान झालं नाही तर पान उन्हाकडे धरावं. मधल्या दांडीवर पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या बेचक्यात एक सरळ उभी बारीक ग्रंथी. प्रत्येक जोडीत, हे महत्त्वाचं. पावसाळ्यात भाजीला येणाऱ्या टाकळ्याच्या पर्णिकांच्या तीनच जोड्या, आणि ग्रंथी फक्त खालच्या जोड्यांत. कासविंद्याला एकच ग्रंथी, तीही देठाच्या बुडाजवळ. कासोदाच्या दांडीवर ती मुळीच नाही. बागेतल्या ‘सेन्ना सुरॅटेन्सिस’चं फूल तरवडाच्या सगळ्यात जवळचं, पण त्याच्या ग्रंथी तळच्या दोन-तीन जोड्यांपाशी संपतात आणि कानांचा पत्ता नसतो. या ग्रंथींतून गोड रस पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या दांडीवर ये-जा करत असतात.

फुलात मात्र मध नाही. इथून पुढे फुलाकडे पाहायला हरकत नाही, कारण आता ते फसवत नाही. पाकळ्या कडेला चुरगळलेल्या, शिरा किंचित नारिंगी. कळी अलगद सोडवली तर सगळ्यात वरची पाकळी बाकीच्यांच्या आत मिटलेली सापडते. पावट्याच्या, वाटाण्याच्या फुलात हीच पाकळी सगळ्यांना बाहेरून कवेत घेते. शेंगांच्या या मोठ्या खानदानातल्या दोन घराण्यांमधला हा फरक, आणि तो पाहायला भिंगही लागत नाही.

पुंकेसर दहा, पण कामाचे सात. वरचे तीन वांझ. उरलेल्यांत मधले आखूड, खालचे लांब आणि बाकदार. परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांना टोकाशी नुसतं छिद्र असतं. साध्या मधमाशीला त्यातून पराग झाडता येत नाहीत. काळा सुतारभुंगा येतो, मधल्या आखूड केसरांना पायांनी धरतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्याची गुणगुण एकाएकी चढ्या पट्टीत जाते, ती जवळ उभं राहिलं तर स्पष्ट ऐकू येते. मधल्या केसरांचे पराग तो खायला नेतो. लांब केसरांचे पराग त्याच्या अंगाला अशा जागी लागतात की पुढच्या फुलाची वाकडी कुक्षी नेमकी तिथेच टेकते. ही कुक्षी काही फुलांत डावीकडे वळलेली असते, काहींत उजवीकडे. एकाच झुडपावर दोन्ही सापडतात. पाच-सहा फुलं समोरून नीट पाहिली की हा डाव्या-उजव्याचा खेळ लक्षात येतो, आणि मग वाटतं, या फुलाला नुसतं ‘पिवळं’ म्हणणं हा आळस आहे.

या केसरांनीच पुढे नाव बदलायला लावलं. लिनीअसच्या ‘कॅसिया’त बहावाही होता आणि तरवडही. बहाव्याचे तीन केसर लांबच लांब, वळण घेऊन वर आलेले. तरवडाचे खालचे केसरही लांब, पण तसं वळण घेऊन वर येत नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या ‘फ्लोरा इंडिका’त, त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापलेल्या आवृत्तीत, हे झुडूप ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ म्हणून आलं. पण १८७१ मध्ये बेंथमने सगळ्यांना पुन्हा एकाच ‘कॅसिया’त ठेवलं आणि त्याच्या वजनापुढे ते नाव पडून राहिलं. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी यांनी अमेरिकेतल्या जातींचा प्रचंड अभ्यास करून केसरांच्या आधारे हे घर पुन्हा वेगळं केलं, आणि रॉक्सबर्गचं नाव दीडशे वर्षांनी वापरात आलं. आज ते ‘सेन्ना ऑरिक्युलाटा (एल.) रॉक्सब.’ असं लिहितात. कंसातला ‘एल.’ म्हणजे लिनीअस. घर बदललं तरी कान पहिल्यांदा कुणी टिपले याची नोंद त्या कंसात राहते. पत्ता बदलल्यावर जुनी नोंद सन्मानाने जपायची ही पद्धत सरकारी कागदपत्रांनीही उचलावी, असं आमच्या सीमाभागातल्या माणसाच्या मनात आलं तर नवल नाही.

पत्ता बदलल्याची खूण वनस्पतींच्या ग्रंथांतही दिसते. थिओडोर कुक हा पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य, मूळचा इंजिनिअर. त्याने ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने काढला. त्यात बेळगावचा मुलूख ‘एस. एम. कंट्री’, म्हणजे दक्षिण मराठा मुलूख, या सदरात येतो. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्यावर याच माळाची झाडं दोन ग्रंथांत विभागली गेली. कर्नाटकच्या अंगाची सल्डाना यांच्या ‘फ्लोरा ऑफ कर्नाटक’मध्ये, कागलच्या अंगाची यादव आणि सरदेसाई यांच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या फ्लोरात. तरवड दोन्हीकडचा. कन्नडमध्ये तो तंगडी किंवा आवरिके, वैद्यांच्या पोथीत आवर्तकी, आणि तेलंगणाने तर त्याला राज्यफूल केलंय.

अचूक नावाची गरज खरी पडते ती बाजारात. तरवडाची साल कातडी कमवायला पूर्वापार वापरात आहे, तिथे नाव चुकलं तरी चांभाराचा हात चुकत नाही. सोनामुखीचं तसं नाही. तीही सेन्नाच, पण तिची पानं रेचक. त्या पानांत तरवडाची पानं मिसळून विकण्याची भेसळ औषधशास्त्राच्या पुस्तकांत जुनी आहे. तरवडात सोनामुखीचा तो गुण नाही, म्हणजे औषध घेणारा नुसता कडू पाला पिऊन बसतो. पानं कुटून पूड केली की कान गेले, ग्रंथी गेल्या, फूल तर कधीच नव्हतं. मग जाणकार सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे केस पाहतो, किंवा ऐंशी टक्के सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब टाकतो. पूड किरमिजी झाली की तरवड.