आमद आणि आवर्द

नवोदित कवींच्या बैठकीत एक वाक्य आम्ही हमखास ऐकतो: "ही कविता एका दमात सुचली, नंतर एक शब्दही बदलला नाही." ते अभिमानाने सांगितले जाते आणि आम्हीही मान डोलावतो. उर्दू परंपरेत यासाठी दोन शब्द आहेत. आपोआप येते ती आमद, प्रयत्नाने आणावी लागते ती आवर्द. पहिली अस्सल, दुसरी कृत्रिम, असा समज रूढ आहे. मौलाना हालींनी 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' (१८९३) मध्ये तो खोडून काढला. विचार करून, घासूनपुसून घेतलेला शेरच बहुधा अधिक टिकतो, असे त्यांचे म्हणणे.

हालींपुढे उदाहरण घरचेच होते. ते गालिबचे शागीर्द. 'यादगार-ए-गालिब' (१८९७) मध्ये ते सांगतात, की उस्ताद रात्री मनातच शेर रचत, एकेक शेर पुरा झाला की इजारबंदाला गाठ मारत आणि सकाळी गाठी सोडत शेर उतरवून घेत. आम्ही ही गंमत म्हणून सांगतो. पण गाठीत फक्त मोजदाद असते, शब्द नसतात. ते सकाळपर्यंत टिकायचे तर वृत्त, काफिया, रदीफ रात्रीच पक्के बसलेले हवेत. सुचणे आणि घडवणे तिथे वेगळे राहत नाही.

त्यापुढची पायरी गाळण्याची. भोपाळला सापडलेले गालिबचे हस्तलिखित १८२१ चे, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षाचे. ते १९२१ साली छापले गेले तेव्हा कळले, की १८४१ च्या पहिल्या छापील दिवानात त्यातले कितीतरी शेर कवीने घेतलेच नव्हते. त्यांच्या दुर्बोधतेची दिल्लीत थट्टा होई. तरीही दिवानाची पहिली गझल अवघडच राहिली. तिच्या मतल्याचा अर्थ त्यांना पुढे पत्रातून समजावून द्यावा लागला. गाळले ते स्वतःच्या पारखीने. केवळ लोकांच्या धाकाने गाळले असते तर ही गझल आधी गेली असती.

हा फरक आम्हा मुस्लिम मराठी कवींना कळायला हवा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले. वेदना खरी होती, म्हणून कविताही झाली असे आम्ही धरून चाललो आणि अनेक ओळी घोषणेपाशीच थांबल्या. तिथे आम्ही हात आखडला. उलट, पहिली ओळ घरच्या दखनीत आली, की ती "शुद्ध" करण्याची आम्हाला घाई. अम्मीच्या तोंडचा शब्द जातो, पुस्तकी शब्द येतो, आणि याला आम्ही संस्कार म्हणतो. जिथे कात्री हवी तिथे आम्ही भावनेची सबब सांगितली. जिथे नको तिथे ती भीतीने चालवली.

खोडावे जरूर. पण खोडताना एकदा विचारावे: हा शब्द कवितेला नको आहे, की शेजाऱ्याला?