४१ टक्क्यांचा आकडा चकलांब्यात लागू होतो का?

आज एकच आकडा घेऊ आणि तो नीट तपासू. पेट किंवा नेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्यांना याचा उपयोग होईल. आकडा कसा वाचायचा हे शिकायला मला स्वतःला उशीर झाला आणि त्याची थोडी किंमत माझ्या भावाने मोजली.

गेल्या डिसेंबरात मी गावी, चकलांब्याला गेलो होतो. दादाने मोबाईल पुढे केला. "थंडीत इलेक्ट्रिक गाडीची रेंज ४१ टक्क्यांनी घटती म्हणतेत. खरंय का रे?" दादा कामासाठी रोज गेवराईला जाऊन-येऊन करतो. पेट्रोलचा खर्च झेपत नाही म्हणून कर्ज काढून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं त्याच्या मनात होतं. मी पीएचडी करतोय, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला वजन. मी म्हटलं, "हो, अमेरिकेतला अभ्यास आहे तसा." दादाने विषय तिथंच सोडला.

खरं सांगायचं तर तो अभ्यास मी वाचलेला नव्हता. त्याची बातमी वाचली होती.

परत आल्यावर मूळ अहवाल काढला. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. पाच इलेक्ट्रिक कार घेतल्या, तापमान हवं तसं ठेवता येईल अशा बंद कक्षात डायनॅमोमीटरवर चालवल्या आणि साधारण २४ अंश सेल्सिअसला मिळालेल्या रेंजशी तुलना केली. उणे ७ अंशांच्या आसपास, हीटर चालू ठेवून, रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. बातमीत एवढंच होतं. पण त्याच अहवालात पुढे आहे की त्याच थंडीत हीटर बंद ठेवला तेव्हा घट फक्त १२ टक्के होती.

आता थांबा आणि विचार करा. ४१ आणि १२ मधला फरक कशाचा? बॅटरीचा नाही, हीटरचा. पेट्रोल इंजिन चालताना भरपूर उष्णता वाया घालवतं आणि कारची केबिन त्याच फुकटच्या उष्णतेवर गरम होते. इलेक्ट्रिक मोटार फारशी उष्णता वाया घालवत नाही, म्हणून केबिन गरम करायला बॅटरीतूनच वीज काढावी लागते. दादा घेणार होता ती स्कूटर. स्कूटरला ना केबिन, ना हीटर. दादाचा हीटर म्हणजे मफलर आणि स्वेटर. म्हणजे ४१ या आकड्याचा मोठा भाग पहिल्याच पायरीवर गळून पडतो.

उरलेले १२ टक्केही जसेच्या तसे आपले नाहीत. ते शून्याखालच्या थंडीतले आहेत. थंडीत लिथियम बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट घट्टसर होतो, आयनांची हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो. शून्याखाली चार्जिंग केलं तर ग्रॅफाइटच्या आत शिरायच्या ऐवजी लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू शकतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. पण आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, आणि दहा वाजता ऊन चटकायला लागतं. मग घट किती? इथे एक मोह होतो: २४ अंशांना शून्य टक्के, उणे ७ ला १२, मधे सरळ रेषा ओढा आणि १० अंशांचं उत्तर काढा. असं करू नका. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, पण संबंध सरळ रेषेचा आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. "१२ पेक्षा बरीच कमी असावी" एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

अहवालावर माझा राग नाही. हीटर चालू आणि बंद अशा दोन्ही चाचण्या वेगळ्या दिल्या, हे त्याचं मोठेपण. मर्यादा आहेतच. कार पाचच होत्या, आणि त्यानंतर अनेक गाड्यांत कमी वीज खाणारे हीट पंप आले. पण जास्त चूक वाचणाऱ्यांची आहे. त्यांनी सर्वांत मोठा आकडा उचलला आणि अटी मागे ठेवल्या. त्यात मीही आलो.

दुसऱ्या बाजूचे लोकही हेच करतात. ते नॉर्वेचं नाव घेतात: २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, एवढ्या थंडीत चालतात तर आपल्याकडे का नाही? आकडा खरा आहे, निष्कर्ष घाईचा. नॉर्वेने १९९० च्या दशकापासून करांत मोठ्या सवलती दिल्या. तिथे बहुतेकांना घरी चार्जिंग करता येतं आणि वीज भरवशाची आहे. या आकड्यामागे थंडीपेक्षा धोरण आणि वीजपुरवठा जास्त आहे. आमच्याकडे गावठाणात एक आणि शेतातल्या वस्तीवर दुसरीच परिस्थिती असते. शेतीपंपांच्या लाईनला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते. वस्तीवर राहणाऱ्याने स्कूटर कधी चार्ज करायची, हा प्रश्न नॉर्वेच्या आकड्यात येतच नाही.

मग चकलांब्यातला खरा प्रश्न कोणता? माझ्या मते दोन आहेत.

पहिला वेगाचा. आपल्याकडे दुचाकीची जाहिरातीतली रेंज बहुधा इंडियन ड्रायव्हिंग सायकल या चाचणीतून येते. त्यात सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर आणि कमाल ४२. गेवराईच्या रस्त्यावर २२ च्या वेगाने कोण चालवतं? समजा दादा ५५ ने जातो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग अडीचपट, तर हवेचा रोध सव्वासहा पट. टायरचं घर्षण तसं वाढत नाही, म्हणून एकूण खर्च सहापट होत नाही, पण रेंज चांगलीच खाली येते. मागे एक माणूस आणि पायाशी पिशवी असेल तर आणखी. हे नुकसान बारमाही आहे.

दुसरा उन्हाचा. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. थंडीतली घट तात्पुरती, ऊन आलं की परत मिळते. उष्णतेत बॅटरीच्या आतल्या नको असलेल्या अभिक्रिया वेग घेतात, वापरता येणारं लिथियम हळूहळू कमी होतं, आणि ते परत येत नाही. अमेरिकन अहवालात गरम हवामानाची चाचणीही आहे, पण ती ३५ अंशांची आणि त्या दिवसापुरत्या रेंजची. तीन उन्हाळ्यांनंतर बॅटरी किती उरेल, हा तिचा विषयच नव्हता.

इथेही उलटी घाई नको. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, पुण्यातही लागली. लोक म्हणाले, ऊन. चौकशीत मात्र सेल आणि बॅटरी पॅकमधल्या उणिवा पुढे आल्या आणि एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक कडक झालं. दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही.

आता तुमच्याबद्दल. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात "ग्रामीण भागातील थंडीचा परिणाम" असं एक उपशीर्षक होतं. परदेशी शोधनिबंधांत होतं म्हणून आलं. गाईडनी पेन्सिलने बाजूला लिहिलं: "कुठली थंडी?" दोन शब्द, पण माझा अख्खा परिच्छेद गेला. तुमचा विषय कोणताही असो, आकडा उचलण्याआधी हे चार प्रश्न विचारा:

१. मोजलं काय? कार की स्कूटर, एका दिवसाची रेंज की बॅटरीचं आयुष्य?
२. कोणत्या अटीत? तापमान, वेग, वजन, हीटर.
३. तुलना कशाशी केली?
४. यातली कोणती अट माझ्या गावात आहे आणि कोणती नाही?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलात की बऱ्याचदा तुमचा स्वतःचा संशोधनप्रश्न तिथेच सापडतो.

फेब्रुवारीत दादाला फोन करून चूक कबूल केली. म्हटलं, थंडीचं सोड. आपल्या रस्त्यावर, आपल्या वेगाने, मागे वहिनीला बसवून एकदा चालवून बघ. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि किती क्षमता उरेपर्यंतची, ते लेखी घे. दुरुस्ती गेवराईत होते का, ते विचार. आणि गाडी पत्र्याखाली नको, लिंबाच्या सावलीत लाव.

दादा एवढंच म्हणाला, "हे डिसेंबरातच सांगायचं ना. दोन महिन्याचं पेट्रोल गेलं की."