‘तालिकोटची लढाई’ ह्या नांवाविषयीं

इ. स. १५६५ च्या जानेवारींत ज्या लढाईंत विजयनगरचा रामराय पडला, तिला ज्ञानकोशांतून ‘तालिकोटची लढाई’ म्हणण्याचा परिपाठ आहे. ब्रिटानिका ज्ञानकोशांतहि हेंच नांव आढळतें. हें नांव स्थलदृष्ट्या चुकीचें असून बखरींतील ‘राक्षसतागडी’ हेंच अधिक ग्राह्य होय, असें आमचें मत आहे.

तालिकोट हा गांव डोण नदीवर, कृष्णेच्या उत्तरेस कित्येक मैल दूर आहे. १५६४ च्या अखेरीस सुलतानांच्या फौजांचा तेथें तळ पडला, एवढाच त्याचा संबंध. रामरायाच्या सैन्यानें कृष्णेचे उतार रोखून धरले होते. तेव्हां सुलतानांनीं तीन दिवस नदीकांठानें चाल करून शत्रूस पलीकडच्या तीरानें आपल्याबरोबर ओढलें आणि एकाएकीं मागें फिरून मोकळा पडलेला उतार गांठला, असें फेरिस्ता सांगतो. अर्थात् रण माजलें तें कृष्णेच्या दक्षिणेस. तळाचें नांव रणास दिल्यानें वाचक रणभूमि नदीच्या भलत्याच बाजूस शोधतो.

आतां ‘राक्षसतागडी’. रक्कसगी व तंगडगी हीं गांवें मुद्देबिहाळ तालुक्यांत कृष्णाकांठीं आहेत. ‘रक्कस’ हा ‘राक्षस’ शब्दाचा कानडी तद्भव. त्यास पुन्हां संस्कृत रूप मिळून हें जोडनांव झालें. त्यांत जेत्यांस राक्षस म्हटलेलें नाहीं, कीं तागडीचा तराजूशीं संबंध नाहीं. हीं गांवेंहि उत्तर तीरावरच आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. तथापि तीं नदीस लागून आहेत, आणि ह्या मोहिमेचा निकाल नदी उतरण्यावरच लागला. फादर हेरास यांनींहि आपल्या १९२७ च्या आरवीडु घराण्यावरील ग्रंथांत हेंच नांव स्वीकारलें आहे.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. ज्या युतीनें ही लढाई जिंकली, तिच्या पूर्वतयारींत हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी अली आदिलशहास देऊन आमच्या सोलापूरचा किल्ला आंदण दिला होता. तेव्हां ह्या प्रांतांतील जुन्या दप्तरांत ह्या प्रसंगाचे उल्लेख सांपडण्याचा संभव आहे. ‘तालिकोट’ एवढेंच नांव ठाऊक असलेला संग्राहक ‘राक्षसतागडी’ असें लिहिलेलें पान कल्पित कथा समजून बाजूस सारील, किंवा निराळ्या लढाईखालीं नोंदवील. एकदां चुकीच्या सदरांत गेलेलें पान पुन्हां हातीं येणें किती कठीण, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

यास्तव ज्ञानकोशकारांनीं मुख्य लेख ‘राक्षसतागडी’ खालीं द्यावा, आणि ‘तालिकोट’ ह्या रूढ नांवापुढें ‘राक्षसतागडी पाहा’ एवढें लिहावें, अशी आमची सूचना आहे.