भय अंदर, मुंग्या बाहेर

भाईंदरची फोड मी 'भय अंदर' अशी करतो. लोकलचे प्रवासी याला लगेच मान हलवतात, पण माझं कारण वेगळं आहे: 'पुराना मंदिर'. तुलसी आणि श्याम रामसे यांचा हा चित्रपट १९८४ सालचा. आमच्या बिल्डिंगमध्ये तो कॅसेटवर आला तेव्हा बराच शिळा झाला होता. वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्यानं आणायच्या आणि पहाटेपर्यंत पैसे वसूल करायचे, अशी तेव्हा रीत होती. बाहेर मिठागरांवरचा काळोख, आत पंचवीस माणसं आणि त्यांच्या दुप्पट डास.

कॅसेट म्हणजे कॉपीच्या कॉपीची कॉपी. वर मुंग्या, खाली साड्यांच्या दुकानाची सरकती जाहिरात, उरलेल्या जागेत सामरी. पहिल्या मजल्यावरचे काका ट्रॅकिंगचं बटण धरून बसलेले. सामरी आला की चित्र आडवं फाटायचं आणि काकांनी ते शिवेपर्यंत स्वारी पसार! कथेत त्याचं डोकं पेटीत बंद आणि धड भलतीकडे. आमच्या टीव्हीवरही डोकं एका पट्टीत, धड दुसऱ्या. आम्हाला तो दिग्दर्शनाचाच भाग वाटला. त्या रात्री जिना एकट्यानं उतरायची माझी छाती झाली नाही.

पुढं 'रामसेंचं छायाचित्रण भिकार' हे मत मी चारचौघांत कितीदा ठोकून दिलं असेल! परवा मुलीनं स्वच्छ प्रिंट लावून दिली. गंगू रामसे यांनी काय प्रकाश खेळवलाय हो! रंगीत उजेड, धूर, आणि त्यातून सरकणाऱ्या सावल्या. आमच्या कॅसेटवर या सगळ्याचं वांग्याचं भरीत झालं होतं. म्हणजे इतकी वर्षं मी शिव्या घातल्या त्या एका कळकट फितीला.

म्हणून सगळंच गोड मानायची तयारी नाही. जगदीपची 'शोले'ची नक्कल तेव्हाही लांबली होती, आजही लांबते. खरं तर कॅसेट तिथं अडकायला हवी होती. आणि सामरी? अजय अगरवाल नुसता उभा राहिला तरी धडकी भरते, पण जवळ आला की मेकअपची जाडी मोजता येते. पूर्वी ती झाकायला मुंग्या होत्या, काका होते. काका आता नाहीत.

"बाबा, याला घाबरला होतात?" मुलीनं विचारलं. मी ट्रॅकिंगचं बटण समजावू लागलो. ती जांभई देत उठली.

"दिवा घालवू?"

"राहू दे," मी म्हटलं, "डास आहेत."